पाचपैकी तीन

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, केडगाव

ही वही मेहरीनच्या सांगण्यावरून सुरू करतोय. ती म्हणाली, "काका, प्रत्येक उड्डाणानंतर त्याच दिवशी लिहून काढा. दुसऱ्या दिवशी माणूस स्वतःला शहाणा करून लिहितो."

पहिलं पान आहे म्हणून आधी स्वतःबद्दल. मी भीमराज भिंगारदिवे, वय त्रेपन्न. केडगावात पत्र्याच्या कामाचा कारखाना आहे. टेम्पोच्या बॉड्या, धान्याच्या कोठ्या, उन्हाळ्यात कूलर. सत्तार शेख माझा तीस वर्षांचा मित्र, इंजिनाचा कारागीर. आम्ही दोघांनी नकाशे मागवून, नऊ वर्षं खपून, दोन माणसं बसतील एवढं एक विमान बांधलं. पत्रा माझा, इंजिन त्याचं. ते आता शेवगावच्या बाजूला एका खासगी क्लबच्या शेडमध्ये उभं आहे. तपासणी झाली, चाचणी उड्डाणाची परवानगी आली. माझं लायसन दोन वर्षांपूर्वीचं, चौसष्ट तास उडवून झालेत.

मेहरीन ही सत्तारची मुलगी. एकोणतीस वर्षांची, त्याच क्लबात शिकवते, एकोणीसशे तासांचा अनुभव. तिने अट घातली की आपलं विमान नेण्याआधी मी स्टॉल आणि स्पिनचं शिक्षण पूर्ण करायचं, तेही क्लबच्या विमानात, कारण आपलं विमान स्पिन सहन करण्यासाठी बांधलेलं नाही. "कंपनीच्या विमानाचा स्वभाव पुस्तकात छापलेला असतो," ती म्हणाली. "तुमच्याचा अजून कुणालाच माहीत नाही. तुम्हालापण नाही."

घरी सासूबाईंनी विचारलं, कशाचा स्टॉल टाकताय. दीपाने, म्हणजे बायकोने, वडापावचा म्हणून सांगून टाकलं.

आज या शिक्षणातला पहिला स्टॉल केला. पाच हजार फुटांवर तिने इंजिन मंद करायला लावलं आणि नाक हळूहळू वर धरायला सांगितलं. वाऱ्याचा आवाज कमी होत गेला. हातातली दांडी सैल पडली, जुन्या टेम्पोच्या स्टेअरिंगसारखी. मग बसलेली जागा थरथरली आणि कुणीतरी खालून हात काढून घ्यावा तसं विमान खाली बसलं. दांडी पुढे दिली की परत उडायला लागलं. घाबरलो नाही. विचारलं, "परत करू का?" ती हसली.

वर जाण्याआधी तिने एक सांगितलं. "विमानात मी तुम्हाला काका म्हणणार नाही. काका म्हटलं की ओरडता येत नाही."

बुधवार, १२ नोव्हेंबर

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे, हे डोक्याला पटलं होतं, डोळ्यांना नव्हतं. पंख वाऱ्याशी ठरावीक कोनापेक्षा जास्त उभा धरला की वारा त्याच्या पाठीवरून सुटतो. पण सुटतो म्हणजे काय होतं?

म्हणून आज पत्र्याचा चार फुटी पंख वळवला, टेम्पोच्या टपावर बिजागरीने बसवला आणि दीपाच्या विणकामाच्या लोकरीचे वीतभर धागे त्याच्या पाठीवर चिकटवले. सत्तारने टेम्पो चालवला, मी मागे हौद्यात उभा राहून पंखाचा कोन वाढवत गेलो. बायपासला सकाळी रहदारी नव्हती.

आठ अंश, धागे सरळ मागे. बारा, सरळ. चौदाला मागच्या कडेचे धागे वळवळायला लागले. सोळाला सगळे उभे राहिले आणि काही तर उलटे, पुढच्या बाजूला लोळू लागले. वारा मागून पुढे येत होता. मी टपावर हात आपटून सत्तारला थांबवलं, त्यालाही दाखवलं. तीन वेळा केलं. सत्तार म्हणाला, "म्हंजे येगाचा काय संबंध न्हाई?" मी म्हणालो, कोनाचा आहे. कितीही वेगात असलो तरी कोन ओलांडला की सुटलंच.

त्याने एक उलटा झालेला धागा बोटाने सरळ केला. मग म्हणाला, "तुला जमंल ना पण?"

रविवार, १६ नोव्हेंबर

पहिला स्पिन.

साडेसहा हजार फूट. मेहरीनने स्टॉल होता होता एका पायाचं पेडल पूर्ण दाबलं. एक पंख पडला, विमान त्याच्यावर उलटल्यासारखं झालं आणि समोर आभाळ राहिलंच नाही. उसाचा हिरवा चौकोन, पांढरी कांदाचाळ, जायकवाडीच्या फुगवट्याचं चकचकीत पाणी, मग परत उसाचा चौकोन, कांदाचाळ, पाणी. ती शांतपणे मोजत होती, "एक. दोन. तीन." मग तिने सोडवलं. इंजिन अगदी मंद, दांडी मधोमध, फिरण्याच्या विरुद्ध पाय पूर्ण, दांडी पुढे. फिरणं थांबलं की पाय सरळ, आणि हळूच वर. दीड हजार फूट गेले.

मग माझी पाळी. डावा पंख पडला आणि माझा हात दांडी घेऊन उजवीकडे गेला. पंख उचलायला. तीस वर्षं टेम्पो चालवलेल्या माणसाचा हात तिकडेच जाणार. पण सुटलेला पंख तसा उचलत नाही, उलट फिरणं घट्ट होतं. ती ओरडली, "हात नाही, भीमराज, पाय. पाय." मला नावाने ओरडणारं घरात आता कुणी उरलेलं नाही. बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही.

चार वेळा केलं. चारही वेळा हात आधी गेला, पाय नंतर.

बुधवार, १९ नोव्हेंबर

सत्तार कमालीचा मित्र आहे. मी नुसतं सांगितलं की हात ऐकत नाही, तर दुपारपर्यंत त्याने कारखान्यात एक सांगाडाच उभा केला. जुनी खुर्ची, पुढे पाइपाची दांडी, खाली ट्रॅक्टरची दोन पेडलं. मी डोळे मिटून बसायचं, तो मागून एका खांद्यावर थाप मारणार. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावा पंख पडला. उजवा पाय, दांडी पुढे.

दोनशे वेळा झालं तरी तो थांबेना. स्वतःची दोन इंजिनं उघडी पडलीत, गिऱ्हाईक ताटकळतंय, आणि हा माझ्या मागे उभा. मी म्हणालो, बास कर आता. तर म्हणाला, "बास न्हाई. पहिल्यांदा तूच न्यायचं हाय. तुझा हक्क हाय तो. पत्रा तू ठोकलाय."

मी म्हणालो, तसं मेहरीनपण नेऊ शकते. तिचा हात कितीतरी तयार आहे.

"ती कशाला? तिला तिची ड्युटी हाय," असं म्हणून त्याने परत थाप मारली. जरा जोरातच.

रविवार, २३ नोव्हेंबर

सहा स्पिन. चार बरोबर. खुर्चीचा उपयोग झाला.

उतरल्यावर बघतो तर सत्तार क्लबच्या फाटकाशी हजर. कारखाना बंद ठेवून आला होता. मला पाणी देण्याआधी मेहरीनला विचारतो, "झाला का पास?" ती म्हणाली, "अब्बा, ही परीक्षा नाही." त्याचं तोंड उतरलं. माझ्या पास होण्याची माझ्यापेक्षा त्यालाच काळजी.

रविवार, ३० नोव्हेंबर

हवा धूसर. नाही उडालो. शेडमध्ये आपल्या विमानात दोन तास बसून राहिलो. सत्तारने नवे प्लग काढून परत नवे बसवले.

रविवार, १४ डिसेंबर

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहायचं ठरवलंय.

उतरण्याआधी धावपट्टीकडे एक शेवटचं वळण असतं. ते जरा लांबलं, धावपट्टी बाजूला निसटतेय असं वाटलं, की माणूस घाई करतो. पायाने नाक आत ढकलतो, हाताने पंख वर धरून ठेवतो, नाक खाली जातंय म्हणून दांडी ओढतो. त्याला वाटतं आपण वळतोय. खरं तर त्याने स्पिनची सगळी तयारी केलेली असते, आणि खाली जमीन चार-पाचशे फुटांवर असते.

मेहरीन म्हणाली, "साडेपाच हजार म्हणजे जमीन धरा. सहा हजारांवरून उतरायला या." खालची कालव्याची एक सरळ चारी तिने धावपट्टी ठरवली. तसे पाच वेळा उतरलो. प्रत्येक वेळी ती मधेच काहीतरी विचारायची. टाकीत तेल किती? उजवीकडे ते विमान कुणाचं? विमान नव्हतंच. मी बघायला मान वळवली.

तीन वेळा मी ओळखलं आणि दांडी पुढे देऊन सोडवलं. दोन वेळा डावा पंख गेला तेव्हा माझा हात उजवीकडे गेला. जुन्यासारखा. खुर्चीतल्या थापा, सहा स्पिन, धागे, काही आठवलं नाही. त्या दोन वेळा आम्ही साडेपाच हजारांच्या खाली गेलो. एकदा चारशे फूट, एकदा सातशे.

उतरून चहा घेताना मी विचारलं, "म्हणजे दोनदा मेलो?"

"हो," मेहरीन म्हणाली. "महिन्याभरापूर्वी पाचही वेळा मेला असतात."

मग तिने कागदावर सही केली. "शिक्षण पूर्ण झालं, हे मी लिहून दिलंय, ते खरं आहे. तुमच्या विमानाचं पहिलं उड्डाण कोण करणार ते मालक ठरवतील. मालक तुम्ही दोघं आहात. मी काही बोलणार नाही. तयार मात्र आहे." ती उठून गेली. ती परत 'काका' म्हणाली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मंगळवार, १६ डिसेंबर

कागद पाहून सत्तारने मला मिठी मारली. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणाला, "झालं तर मंग. येत्या रविवारी ने."

मी त्याला पाचपैकी तीनचं सांगितलं. तो म्हणाला, "तीन म्हंजे पास. शाळेत पस्तिसाला पास करत्यात." मी हसलो. तो हसला नाही.

खरं सांगायचं तर मला न्यायचं आहे. नऊ वर्षं मी त्या पत्र्यावरून हात फिरवतोय. पहिल्यांदा जमीन सोडताना आत मी नसेन तर मग कोण? पण दुसरं मन विचारतं की डावा पंख गेला तर तुझा हात कुठे जाईल? आणि याचं उत्तर मला माहीत नाही. टेम्पोची बॉडी असती तर 'माहीत नाही' असं म्हणून मी ती गिऱ्हाइकाला दिली नसती.

गुरुवार, १८ डिसेंबर

सांगून टाकलं. सकाळी कारखान्यात चहा आला तेव्हा सत्तारला म्हणालो, "पहिलं उड्डाण मेहरीन करेल. नंतर मी."

त्याने कप खाली ठेवला. "का?"

"पाचपैकी तीन, म्हणून."

"आनखी शीक. महिना लाव, दोन लाव. मी बसतो तुझ्यासंगं खुर्चीपाशी."

"दोन महिन्यांनी चार होतील. तिचे आज पाच आहेत."

तो उठून मोरीपाशी गेला आणि हात धुऊ लागला. हात स्वच्छच होते. साबण लावून, धुऊन, परत साबण लावला. माझी संधी गेली याचं माझ्याहून त्याला जास्त वाईट वाटलं. मी म्हणालो, "अरे, मला एवढं लागलेलं नाही." तो तसाच घरी गेला.

दुपारी दीपाला फोन करून कळवलं. ती दवाखान्यात ड्यूटीवर होती, नुसतं बरं म्हणाली. संध्याकाळी घरी आलो तर मासवडी. सण नाही, पाहुणे नाहीत, आणि ड्यूटीवरून येऊन एवढा खटाटोप. कारण विचारलं तर म्हणाली, सहज. सासूबाई स्वतः उठून दोनदा रस्सा वाढत होत्या. आज घरात सगळ्यांनाच भूक दिसली.

शुक्रवार, १९ डिसेंबर

सत्तार आला नाही. सकाळी दीपाजवळ कुरकुरलो, म्हटलं एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण, उडायचं मला होतं.

ती वेणी घालत होती. थांबली. "अहो, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"तुम्ही नाही नेलं तर कोण नेणार होतं?"

"मेहरीन."

"ती कुणाची मुलगी आहे?"

 मग एकेक आठवायला लागलं. ड्युटी हाय. झाला का पास. तीन म्हंजे पास. त्या थापा.

ती ड्यूटीवर गेल्यावर बराच वेळ बसून होतो. राग येतो का ते बघत होतो. आला नाही. आधी जरा गार वाटलं, की इतकी वर्षं ज्याच्या बरोबर डबा खाल्ला त्याने मनातल्या मनात मला आणि लेकीला तराजूत घातलं होतं. मग मी आमच्या तुषारला मेहरीनच्या जागी ठेवून पाहिलं. तो चाकणला कंपनीत आहे, विमानाशी त्याचा काही संबंध नाही, पण ठेवून पाहिलं. एका बाजूला तुषार, एका बाजूला सत्तार. फार वेळ लागला नाही. मीसुद्धा सत्तारलाच म्हणालो असतो, तू ने.

दुपारी त्याच्या घरी गेलो. बद्रुन्निसाभाभींनी दार उघडलं. तो आत खाटेवर बसला होता. मी तो विषय काढला नाही. म्हणालो, "विमान उघडू. पहिल्या स्क्रूपासून बघू. तू माझा पत्रा तपास, मी तुझं इंजिन."

त्याने विचारलं, "सगळं?"

"सगळं."

तो उठून चपला शोधायला लागला.

सोमवार, २९ डिसेंबर

दहा दिवस शेडमध्ये. तारा, बिजागऱ्या, तेलाच्या नळ्या. सत्तार आरसा घालून प्रत्येक नट बघतो, त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढतो. इंधनाची एक क्लिप सैल निघाली. त्याने ती बदलली, आणि मग बाकीच्या बाराही बदलल्या. बोलणं कामापुरतं.

रविवार, ४ जानेवारी २०२६

सकाळी साडेसातला मेहरीनने आपलं विमान नेलं.

चाकं सुटताना मला वाटलं होतं काहीतरी मोठं वाटेल. मी नुसता रिव्हेटांच्या रांगेकडे बघत होतो. ती वर गेली, क्लबच्या डोक्यावर घिरट्या घेत सहा हजारांवर पोचली. रेडिओवर आवाज साफ. "पहिला स्टॉल घेतेय."

खालून एक चकाकणारा ठिपका. तो जागेवर थांबल्यासारखा झाला आणि एकदम डावीकडे कोलमडला. सत्तारने माझं मनगट धरलं. अर्धा फेरा. मग ठिपका सरळ झाला आणि नाक उचलून पुढे चालू लागला. रेडिओवर, "त्रेचाळीस नॉटला सुटतं. डावा पंख जोरात पडतो. बाकी ठीक. उतरतेय."

ती उतरली, टोपी काढली, आधी बापाकडे गेली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बराच वेळ तिथेच होता. मग ती माझ्याकडे आली. "विमान चांगलं आहे, काका. पण डाव्या पंखात काहीतरी आहे. इशारा न देता जातो."

मी विचारलं, "माझ्या हातात असतं तर?"

ती म्हणाली, "उंचावर, कदाचित सोडवलं असतं."

कदाचित म्हणजे पाचपैकी तीन.

शुक्रवार, ९ जानेवारी

पंख मोजले. टोकाकडे पंख किंचित खाली पिळलेला हवा, दोन्हीकडे सारखा. उजवा बरोबर आहे. डावा सव्वा अंशाने कमी पिळलेला. टोक आधी सुटतं ते त्यामुळे. माझ्या हातची चूक. तो पंख बसवताना साचा सरकला असणार आणि मी परत मोजलं नसणार. दुसरं कारण नाही. तपासणीत सुटलं, दहा दिवसांच्या तपासणीतही सुटलं, कारण डोळ्यांना सव्वा अंश दिसत नाही.

डावा पंख उतरवून रिव्हेट काढत होतो. सत्तार पलीकडून पत्रा धरून होता. तो म्हणाला, "भीमराज, मी तुला पुढं ढकलत हुतो."

"माहीत आहे."

"कवापासून?"

"दीपाने सांगितलं. अठरा तारखेच्या दुसऱ्या दिवशी."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तुझ्या जागी मी असतो तर मीपण तेच केलं असतं. तुषारला बाजूला ठेवून तुला बसवलं असतं."

त्याने पत्रा सोडला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "पन तू मला सांगितलं आसतंस का, मनात काय हाय ते?"

मी विचार केला. "नसतं सांगितलं."

"हां," तो म्हणाला, आणि मी पुढचा रिव्हेट काढला.

रविवार, १ फेब्रुवारी

पंख बसवून मेहरीनने दोनदा नेलं. आता दोन्ही पंख एकदम सुटतात, आधी चांगली थरथर देतात. त्यानंतर मी नेलं, एकट्याने. सहा हजारांवर स्टॉल घेतला. एक्केचाळीस. नाक सरळ खाली. हात जागच्या जागी होता. पाय तयार होता, पण काम पडलं नाही.

दीपा पहिल्यांदाच क्लबवर आली होती. म्हणाली, इकडून एका पेशंटकडे जायचं होतं. रजेच्या दिवशी.

रविवार, १ मार्च

एकट्याने उडवायचे तास पूर्ण झाले. आता दोन माणसांच्या वजनाने तेच आकडे परत घ्यायचे. वजन वाढलं की विमान जास्त वेगातच त्या कोनाला पोचतं आणि सुटतं, किती ते मोजून नोंदवायचं. शेजारी मेहरीन बसणार होती. ती पट्टा बांधायला निघाली तेवढ्यात सत्तार म्हणाला, "मी बसतो."

 हा माणूस आयुष्यात कुठल्याही विमानात बसलेला नाही. नगरच्या जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा नाही.

"अब्बा, कशाला?"

"आकडं लिवायला मानूस पायजे ना. मी लिवतो."

मेहरीनने त्याचा पट्टा स्वतः बांधला, दोनदा ओढून पाहिला. मला म्हणाली, "भीमराज, सहा हजार. त्याखाली नाही." अजून जमिनीवरच होतो, तरी नावाने म्हणाली.

सत्तार तयारीने बसला होता. मांडीवर पुठ्ठा, त्यावर कागद, हातात पेन. खाली पाणी, पलीकडे शेवगाव, काढणीला आलेला गहू पिवळा दिसत होता. त्याने खाली पाहिलं नाही. त्याची नजर वेगाच्या काट्यावर.

मी म्हणालो, "घेतोय."

त्याने मान हलवली. नाक वर. आवाज कमी होत गेला, दांडी सैल पडली, थरथर आली. मग विमान खाली बसलं. सत्तारचा डावा हात माझ्या गुडघ्यावर आला, उजव्या हाताने त्याने आकडा लिहिला. मी दांडी पुढे दिली आणि विमान उडू लागलं. त्याने हात काढायला जरा वेळ लावला.

उतरलो. त्याने कागद पुढे केला. अक्षर इतकं हललेलं की आम्हा दोघांनाही ते लागेना. मला ते पंचेचाळीस वाटलं, त्याला एकोणपन्नास. मेहरीनला दाखवलं, तिला तो आकडाच वाटला नाही.

सत्तारने कागद उलटासुलटा करून पाहिला.

"मंग परत जावं लागंल," तो म्हणाला, आणि माझ्या आधी विमानाकडे चालू लागला.